खुळखुळू नये म्हणून

गेल्या लग्नसराईत पावणे गावात एक कुजबुज फिरली. कमळाकर मढवी घरात सोनं शिजवतो. घराचा पाया खणताना त्याला म्हणे हंडा लागला होता. तो त्यानं इतकी वर्षं माळ्यावर दडवला आणि पोराचं लग्न ठरल्यावर दारं-खिडक्या लावून गॅसवर चढवला. शेजारच्या उज्वलावहिनींनी काचेतून टोप पाहिला, टॉवेल पाहिला आणि सरस्वतीच्या तळहातावर काहीतरी पिवळं पाहिलं. उज्वलावहिनी खोटं कधी बोलत नाहीत. फक्त दिसलं तेवढ्यावर थांबत नाहीत. संध्याकाळपर्यंत एकाचे दोन हंडे झाले, आणि खारघरला त्यांच्या बहिणीकडे बातमी पोचली तेव्हा हंड्यावर नागही येऊन बसला होता.

आता कमळाकरच्या घरात सोनं शिजायचं म्हणजे आधी त्या सोन्याला आवाज न करण्याची शपथ घालावी लागली असती. कारण या माणसाला खुळखुळाट खपत नाही. बापाची भातशेती औद्योगिक वसाहतीत गेली. जिथं बांध होता तिथं प्लास्टिकचा कारखाना उभा राहिला, आणि कमळाकर त्याच बांधावर मशीन चालवायला लागला. दिवसभर खडखडाट. म्हणून घरी त्याला शांतता लागायची, तीही ठासून भरलेली. चमचे फडक्यात गुंडाळलेले, किल्ल्यांना रबर, स्कूटरच्या डिकीत गोणपाट. सरस्वतीच्या बांगड्यांना त्यानं कधी हात लावला नाही, एवढा मात्र तो शहाणा.

नाद एकच, नाण्यांचा. त्यातही राजे-महाराजे नकोत. कणसांचा मोठा रुपया, तोही एकाच सालचा. किराणावाल्यानं सुटे दिले की हा आधी साल बघायचा, मग हिशेब. रुपये ठेवायला कारखान्यातल्या पाइपच्या तुकड्याची नळी केली. तळ गरम करून चिकटवला, वरून टोपण. माप असं की रुपया लोण्यासारखा आत उतरावा आणि मग जागचा हलू नये. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात नळी देऊन म्हणायचा, "हलवून दाखव. वाजली तर नाव बदलीन."

पण नळी भरायला एक रुपया कमी पडला आणि ती वाजली.

लग्नात नवरा-नवरीच्या शेल्या-उपरण्याची गाठ मारतात, तिच्यात सुपारीबरोबर एक नाणं बांधतात. सरस्वतीच्या गाठीतला रुपया देव्हाऱ्यातल्या कोयरीत, हळदीत पडून असायचा. प्रीतम पाळण्यात होता तेव्हाच तिनं सांगून ठेवलं होतं, हा रुपया त्याच्या गाठीला जाणार. आणि साल नेमकं कमळाकरला हवं तेच. दुसरा मिळेपर्यंत, असं मनाशी म्हणून त्यानं तो उचलला आणि नळीत सरकवला. पुसला मात्र नाही. गाठीचं नाणं पुसायचा धीर झाला नाही.

सरस्वतीला कोयरी रिकामी दिसली. तिनं घर पालथं घातलं, देव्हारा धुऊन काढला आणि शेवटी कपाळाला हात लावून बसली. "मीच वेंधळी. हळदीबरोबर कुठं झाडून टाकला देव जाने." कमळाकरनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी बोलला असता तर एक शिवी खाऊन सुटला असता. पण उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता पोरगं शाळेत गेलं. पुढे दुसरा रुपया मिळाला तेव्हा त्यानं गुपचूप नळी उपडी केली. टोपण निघालं, रुपये निघेनात. प्लास्टिक म्हातारं झालं की माणसासारखंच आक्रसतं. नळीनं रुपये आवळून धरले होते.

प्रीतम मोठा झाला, न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात चिकटला, खारघरच्या सोनलशी त्याचं जमलं. लग्न आठवड्यावर आलं. सरस्वती तांदूळ पाखडता पाखडता सहज म्हणाली, "गाठीला कुठलं तरी नानं बघा. माझं तर मी घालवलं."

त्या 'मी घालवलं'नं कमळाकर उठला. माळ्यावरून नळी काढून त्यानं सुपाशेजारी ठेवली.

"यात हाय."

"काय हाय?"

"तुझा रुपया."

सरस्वतीनं नळीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "आदी भायेर काढा. मग बोलू."

ते 'मग बोलू' ऐकून कमळाकरला घाम फुटला, मशीनसमोर कधी फुटला नव्हता तसा.

प्रीतमला सगळं सोपं. "पप्पा, ऑइल सोडू. नायतर ग्राइंडर मारतो, दोन मिनिटांचं काम."

"ग्राइंडरनं नानी खरवडतील. आनि तेलानं हळद सुटेल. हळद गेली तर यातला आईचा कुठला, तू सांगशील?"

"सगळे सेम तर हायत. कुठला पन बांधा. आईला कुठं कळतंय?"

"आईला ऐकू येतंय," सरस्वती आतून म्हणाली. प्रीतम मांडवाचं बघायला निघून गेला.

फ्रीजचा विचार कमळाकरनं स्वतःच खोडला. थंडीनं प्लास्टिक आणखी आवळतं, वर तडकतं. ते ऊब लागली की फुगतं, आणि धातूपेक्षा जास्त फुगतं. म्हणजे गरम पाणी. पण पाणी आत जाता कामा नये, नाहीतर हळद गेलीच. त्यानं टोपण घट्ट लावलं, नळी दुधाच्या धुतलेल्या, कोरड्या पिशवीत घातली, तोंड रबरानं आवळलं आणि पाण्याच्या टोपात उभी धरली. पाणी हाताला चटका देईल एवढंच. उकळतं असतं तर जुनं प्लास्टिक मऊ होऊन नाण्यांना चिकटलं असतं. मग झटकन बाहेर काढली, टोपण काढलं, दुमडलेल्या टॉवेलवर उपडी केली आणि बुडावर तळहातानं थापट्या मारल्या.

काही नाही. पुन्हा तापवली, पुन्हा थापटली. काही नाही. तिसऱ्यांदा त्याचा हात ओट्याच्या कडेकडे गेला. सरस्वतीनं मनगट धरलं.

"ओट्यावर नको. खाडीचा वारा लागतोय तिला. थांबा."

तिनं खिडक्या लावल्या, दार लोटलं, टॉवेलही तव्यावर शेकून आणला. या खेपेला नळी कोमट टॉवेलात गुंडाळूनच थापटली. आत काहीतरी सरकलं. मग रुपये एकाला एक चिकटून बाहेर आले आणि टॉवेलवर खळकन पसरले. त्या घरातला तो बहुधा पहिला मोठा खुळखुळाट. कमळाकरनं कान झाकले नाहीत.

चिकटलेल्या जोड्या त्यानं घासल्या नाहीत. कडेला धरून अलगद सोडवल्या. एका जोडीतल्या एका रुपयावर कणसाच्या दाण्यादाण्यात पिवळं बसलेलं होतं. इतकी वर्षं उजेड नाही लागला, म्हणून टिकलं. सरस्वतीनं तो रुपया तळहातावर घेतला. काचेपलीकडे उज्वलावहिनींची सावली हलली, पण या दोघांना तेव्हा गाव आठवत नव्हतं.

"एवढी वर्सं मी मला वेंधळी म्हनत व्हते," ती म्हणाली. "आनि तुमी ऐकत व्हता."

"हो."

"एकदा तरी नाय म्हनायचं व्हतं."

सरस्वतीनं रुपया कोयरीत ठेवला, पण कोयरी देव्हाऱ्यात नाही, स्वतःच्या कपाटात. किल्ली कमरेला. तिचं रबर तेवढं काढून टाकलं.

लग्नात तो रुपया प्रीतम आणि सोनलच्या गाठीत होता. उरलेले कमळाकरनं बिस्किटाच्या डब्यात टाकले. फळी हलली की डबा वाजतो. तो ऐकून घेतो.

हळदीच्या दिवशी उज्वलावहिनींनी विचारलंच, "वयनी, त्या दिवशी हातात पिवळं काय गो व्हतं?" सरस्वती नुसती हसली. त्यामुळे गावात अजून हंडा आहे, आणि नागही.

कमळाकरला पाया खणताना काही सापडलं नव्हतं. टोपात गरम पाणी होतं. पिवळं दिसलं ती हळद होती.