आफ्राकोमाताईच्या टेबलाचे पाय

कुमासी शहरातल्या कोर्टासमोर आंब्याखाली आम्ही चौघं अर्ज टाइप करून देतो. आफ्राकोमाताई आमच्यात थोरली. गेल्या वर्षी टायपिस्टांच्या संघटनेनं तिला प्रमुख केलं आणि मान म्हणून उंच पाठीची खुर्ची दिली. ताई ठेंगणी. पाय दिवसभर लोंबकळत. सहा महिन्यांत कंबर अशी धरली, की अर्ज अर्धा होण्याआधीच तिचे हात मशीनवरून कमरेकडे जात.

"तळवे जमिनीला टेकायला हवेत, कोपर मशीनच्या उंचीला, आणि दर अर्ध्या तासानं उठायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जमत नसेल तर टायपिंग सोडा."

दोन दिवस ताई त्याच खुर्चीत तशीच टाइप करत राहिली. एकतीस वर्षांनंतर टायपिंगवाचून आपलं काय उरतं, हे तिला ठाऊक नसावं.

न राहवून मी आईचं लाकडी स्टूल आणलं आणि तिच्या पायांखाली सरकवलं. तिनं चटका बसल्यासारखे पाय वर घेतले.

"ओबेंग, अक्कल कुठं ठेवून आलास? जिथं बसतो तिथं माणसाचा जीव मुरतो. तुझ्या आईच्या जिवावर चपला ठेवू?"

मी ओशाळून स्टूल उचललं. पण ताईला काहीतरी सुचलं होतं. तिनं गावी आपल्या मामांना निरोप धाडला. ते स्टुलं कोरतात.

मामा आले, खुर्चीभोवती फिरले.

"उतर."

"मामा, मानाची खुर्ची आहे."

"फाशी दिल्यासारखी दिसतेस त्यात."

त्यांनी दोरीनं तिच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं. आठवड्यानं पांढऱ्या लाकडाचं, बाकदार बैठकीचं नवं स्टूल घेऊन मामा परत आले. ताई बसली. तळवे टेकले. टेबल मात्र हनुवटीपर्यंत आलं.

"पहिलीत नाव घातल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

मामांनी तिच्या कोपराचा अंदाज घेऊन टेबलाच्या पायांवर खुणा केल्या आणि करवत काढली.

"मामा, टेबल संघटनेचं आहे."

"मग संघटनेला म्हणावं, पाय धरा."

आम्ही तिघांनी धरले.

दुपारी एक वकीलसाहेब जमिनीच्या तंट्याचा अकरा पानी अर्ज घेऊन आले. ताई दर अर्ध्या तासानं उठून तळलेल्या केळ्यांच्या गाडीपर्यंत जाऊन येई. येताना प्रत्येक वेळी काही विकत घ्यायलाच हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या. अकरावं पान तिनं ओढून काढलं. हात एकदाही कमरेकडे गेला नव्हता.

बुटक्या टेबलावरचा मजकूर वाचायला वकीलसाहेब खाली वाकले आणि कण्हत अर्ध्यातच थांबले.

"मामा अजून स्टँडवर असतील," ताई म्हणाली. "तुमचंही माप घ्यायला सांगू का?"