टाकेबाईंची शिवण

न मिटलेली रेघ दिसली की टाकेबाईंच्या दाढेत कळ यायची. खोलीच्या दारातूनच त्या गालावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "कुणाचा तलाव उघडा आहे?" मग आम्ही सगळे आपापल्या पडद्याला नाक लावून शोधायचो, आणि कुणाचा तरी तलाव खरंच एका कोपऱ्यात उघडा निघायचा.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर ठाण्यात आमचं छोटंसं ऑफिस होतं. कागदी नकाशे कॉम्प्युटरवर चढवणं हे काम. नकाशा टेबलावर पसरायचा, भिंग लावलेला माऊस रस्त्यांवरून, नद्यांवरून फिरवत बिंदू टिपत जायचं, की पडद्यावर रेघ उमटायची. रेघ फिरून स्वतःच्या सुरुवातीला मिळाली की आकार बंद. त्याला पॉलिगॉन म्हणत, आणि मगच त्यात रंग भरता येई. बाई आमच्या सुपरवायझर. त्यांचं आडनाव टाके नव्हतं. पण त्यांची सगळी भाषा शिवणकामाची. बिंदू म्हणजे टाका, बिंदू काढणं म्हणजे उसवणं, रेघ हद्दीपुढे घुसली की ती शेपटी. वळणावर आम्ही उत्साहाने बिंदूंची गर्दी केली की त्या म्हणायच्या, "अगं, किती टाके घालतेस? नदी आहे ती, गोधडी नव्हे." नाव आम्ही पाडलं, बाहेरच्यांनी ते आडनावच समजून घेतलं, आणि बाई कुरियरवाल्याला 'मिसेस टाके' अशी खुशाल सही देऊ लागल्या.

खोटं बोलताना बाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे. मी नवीन असताना एक तलाव उघडा ठेवून त्यात निळा रंग ओतला. रंग फटीतून निसटला आणि बघता बघता पडद्यावरचा माजिवड्याचा सगळा भाग पाण्याखाली गेला. नेमके तेव्हाच साहेब कुणा बड्या पाहुण्याला घेऊन आत आले. माझा चेहरा रडवेला. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "पूर आला तर काय होईल, ते दाखवतेय ही." पाहुणे थक्क. साहेबांनी माझ्याकडे प्रथमच कौतुकानं बघितलं. ते दोघं गेल्यावर बाई म्हणाल्या, "आता माजिवडा कोरडा कर आणि मग डबा उघड."

माझ्या शेजारच्या टेबलावर हरेश बसायचा. कोलशेतच्या कोळीवाड्यातला, हुशार आणि भयंकर हट्टी. माझ्या शीटवर, म्हणजे माझ्या वाट्याच्या नकाशाच्या तुकड्यावर, कोपर गाव होतं, आमचं घर तिथलंच. त्याच्या शीटवर कोलशेत. दोन्हींतून एकच खाडी जात होती, पण त्याचा किनारा जिथे संपायचा तिथे माझा सुरूच होत नव्हता. मधे ही फट.

"आमची खारी अशी सरल नाय गो जात," तो म्हणाला.

"मी कागदावर आहे तशीच काढलीये."

"कागद काढला तवा ओहोटी असल."

बाईंनी गाल धरला. "भरती-ओहोटी घरी जाऊन करा. इथे दोघं एका पडद्यासमोर बसा आणि शिवण घाला." दोन शीटांच्या कडा जुळवण्याला त्या शिवण म्हणत.

बसलो. भांडत भांडत संध्याकाळपर्यंत शिवण बसवली. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर किनारा पुन्हा एका टाक्यानं उसवलेला. पुन्हा बसलो. तिसऱ्या दिवशी तेच. मी त्याला दोष दिला, त्यानं मला, मग दोघांनी मिळून लाईट जाण्याला. मशीनला व्हायरस लागला असंही म्हणून झालं. शेवटी हरेशनं मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. बाईंनी ती सोडली, लिंबू दुपारी वरणात पिळलं आणि म्हणाल्या, "वाया कशाला घालवायचं?"

साहेब एरवी शीटला जरा उशीर झाला की ऑफिस डोक्यावर घ्यायचे. या शीटबद्दल मात्र चकार शब्द नाही. आम्हाला वाटलं, बाईंना घाबरतात.

एव्हाना मला तो रोजचा उसवलेला टाका आवडायला लागला होता. हरेशची मस्कतची नोकरी ठरली होती. हातातलं शीट पुरं करून जातो असा त्यानं साहेबांना शब्द दिला होता. म्हणजे शिवण बसली की हरेश चालला. दोघंही मस्कत टाळून खाडीबद्दल अखंड बोलत होतो. एकदा बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या, "रेघ अशी अर्ध्यात सोडू नये गं. समोरच्यानं काय समजायचं?" मी घाबरून खाडीत आणखी टाके घातले.

आणि एका दुपारी, शेवटचा बिंदू जागेवर ओढता ओढता, पडद्यावरची नजर न काढता हरेश म्हणाला, "मी मस्कतला नाय गेलो तर?"

"नको जाऊस," मी म्हटलं. एवढंच. पण माझे कान तापले, आणि त्यानं माऊस सोडून दिला. चहाचा कप घेऊन पलीकडून जाणाऱ्या बाई क्षणभर थबकल्या आणि पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी शिवण जशीच्या तशी होती. "बसली एकदाची," बाई म्हणाल्या आणि डबा उघडला.

आमच्या घरी व्हायचा तो गोंधळ झाला. कोळ्यांच्या घरात मुलगी द्यायला बाबा तयार होईनात. शेवटी बाई कोपरला आल्या, दोन कप चहा प्यायल्या आणि बाबांना म्हणाल्या, "मुलगा कामात शेपटी सोडत नाही." बाबांना अक्षर कळलं नाही, पण त्या इतक्या खात्रीनं बोलल्या की त्यांनी मान हलवली.

लग्नात माझ्या शालूची आणि हरेशच्या उपरण्याची गाठ मारली, तेव्हा बाई पुढे आल्या, चष्मा लावला आणि गाठ दोन्हीकडून ओढून बघितली. मग माझ्या कानाशी वाकल्या. "ते शीट पहिल्याच दिवशी नीट झालं होतं. तेव्हाच साहेबांना दिलं. तुमच्या मशीनवरचा एक टाका मी रोज सकाळी लवकर येऊन उसवत होते. दाढ किती दुखली म्हणून सांगू!" मी बोहल्यावर इतकी हसले की भटजी मंत्र विसरले. नंतर रडलेही, ते मात्र सगळ्यांनी माहेर सुटल्याचं समजून घेतलं.

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांची मला फार आठवण येते. आमची दोघांची भांडणं अजून होतात, बहुतेक खाडीवरूनच सुरू होतात. कधी कधी रात्री मिटवलेलं भांडण सकाळी चहाबरोबर पुन्हा उघडतं. मी खिडकीशी बाकावर तोंड फिरवून बसते. मग हरेश आपला कप उचलून माझ्या बाकाशी येतो.

"टाकेबाई येऊन गेल्या वाटतं गो," तो म्हणतो. "सरक जरा."