गोखरूचं कूळ

यांना जाऊन तीन महिने झाले. यांची झाडांची वही मी रोज दोन-तीन पानं वाचते. त्याहून जास्त जमत नाही.

काल ज्या पानावर थांबले, ते नागपूर आमच्या मध्य प्रदेशातून वेगळं झालं त्या छप्पन सालचं. हे बुऱ्हाणपुरात शाळेत विज्ञान शिकवत. यांचे प्राध्यापक नागपूरचे. आता तिकडे आपल्याला कोण लक्षात ठेवणार, ही यांना धास्ती होती. त्यांना काहीतरी नवं शोधून पाठवायचं, एवढंच डोक्यात.

झाडांची कुळं फुलांवरून ठरवतात, तशी पानांतल्या रसायनांवरूनही ठरवता येतील, असं हे म्हणत. टाकळा आणि तरवड एका कुळातले. दोघांच्याही रसात धुण्याचा सोडा टाकला की तो लाल व्हायचा. तापीकाठच्या गोखरूची पानं तशीच जोडीजोडीनं, फूलही पिवळं, पण पुस्तकात कूळ निराळं. यांनी गोखरू खलात कुटला, सोडा टाकला. लाल!

“अगं, पक्की बात! पुस्तकवाले चुकले,” म्हणाले, आणि लगेच पत्र लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी यांचा सदरा धूत होते. वरणाचा पिवळा डाग साबण लागताच लाल झाला. रोजचंच ते. पण माझा हात थांबला. घरात खल एकच, आणि त्यात मी हळकुंडं कुटत असे.

हे पत्र घेऊन निघालेच होते. सांगूच नये, असंही क्षणभर वाटलं.

“अहो, थांबा जरा.”

रिकाम्या खलात मी पाणी फिरवलं, सोडा टाकला. पाणी लाल झालं. हे वाकून बघत राहिले.

“म्हणजे गोखरूची सोयरीक तुझ्या हळदीशी निघाली.”

“मला न विचारता खल नेलात कशाला?”

“तेही खरं,” म्हणून हसले; पण भिंतीला हात टेकला होता यांनी.

मग काचेच्या वाटीत, बाटलीच्या बुडानं, गोखरू पुन्हा चुरडला. सोडा मीच टाकला. दोघं उकिडवे बसून बघत होतो. हो रे बाबा लाल, मी मनात म्हणत होते, यांच्यासाठी एकदा हो. रस हिरवटच राहिला.

यांनी पाकीट फोडलं आणि पत्राखाली सगळी हकिगत लिहिली, हळदीसकट.

“आता हे पाठवणार?” मी विचारलं.

“पाठवतो की. सर हसतील. ज्याला हसलो, त्या माणसाला विसरत नाही कोणी.”