पाच पत्त्यांचा मामा

माझ्या मामाएवढी मोठी कंपनी एकट्याने चालवणारा माणूस चाकणच्या पट्ट्यात दुसरा झाला नसेल. कुरुळीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि मामा, एवढाच सगळा पसारा. बीडहून आल्यापासून चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीत आपलं नाव लागावं, ही एकच इच्छा त्याने जपली होती. पण त्याचा ईमेल होता फुकटातला, निगडीच्या सायबर कॅफेत काढलेला. स्वतःच्या नावापुढे 'किंग' आणि त्यापुढे पहिल्या मोटारसायकलचा नंबर. हा पत्ता त्याने शेडच्या दारावर, छत्रीवर आणि मामीच्या विरोधाला न जुमानता माझ्या लग्नपत्रिकेवरही छापला होता. मेल गेला की लगेच समोरच्याला त्याचा फोन जायचा, "मेल टाकलाय, पोचला का बघा." तरी राहवलं नाही तर प्रिंट काढून स्कूटरवरून नेऊन द्यायचा. शेवटी त्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने स्पष्टच सांगितलं, की स्वतःच्या कंपनीच्या नावाचा ईमेल असल्याशिवाय यादीत नाव येणार नाही.

मी मारुंजीला राहतो आणि हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. एका रविवारी कंपनीच्या नावाचा ईमेल सुरू करून दिला. यात पाच पत्ते निघतात, असं माझ्या तोंडून गेलं, तीच माझी चूक. संध्याकाळपर्यंत मामाकडे विक्री, खरेदी, उत्पादन, क्वालिटी आणि संचालक असे पाच विभाग सुरू झाले होते. विक्री गोड बोलायची, खरेदी चिकट होती, संचालक कितीही लांब मेलला 'पाहिले' एवढंच उत्तर द्यायचे. फोनवर कुणी काही मागितलं की मामा म्हणायचा, "खरेदीला इचारून सांगतो," आणि खरोखर खुर्ची फिरवून बसायचा. क्वालिटी मात्र खवीस निघाली. नमुन्याचा माल, म्हणजे लेथवर घडवलेले बुश, यंत्रात बसवायच्या छोट्या पोकळ नळ्या, त्या मोठ्या कंपनीत पोचला आणि दुसऱ्याच दिवशी क्वालिटीने थेट त्यांनाच कळवलं, 'आमच्या उत्पादन विभागाचे अकरा बुश मापात नाहीत. कृपया परत करावेत.' तासाभरात उत्पादनाने माफी मागितली. मी कपाळाला हात लावला.

"मामा, यादीत लागायच्या आधीच तुझं नाव कटणार."

"मग काय खोटा माल देऊ? क्वालिटीवाला ऐकत न्हाई."

आठवड्याने तो अधिकारी स्वतः शेडवर आला. क्वालिटीच्या साहेबांना भेटायचंय म्हणाला. मामाने हात पुसले, चष्मा बदलला आणि म्हणाला, "बोला."

"आणि उत्पादन?"

"मगाशी लेथवर होता तो."

अधिकाऱ्याने शेडभर नजर फिरवली. "मग चहा कुठला विभाग सांगतो?" असं विचारून तो खो खो हसला. जाताना म्हणाला, "नाव लावतो, पण त्या क्वालिटीवाल्याला सोडू नका."

आता शेड मोठी झाली आहे, सात माणसं आहेत. मामाने एकेक पत्ता एकेकाला देऊन टाकला. संचालकपद मामीकडे गेलं. क्वालिटी तेवढी त्याने धरून ठेवली होती, पण मोतीबिंदूमुळे मायक्रोमीटरवरच्या रेघा दिसेनात, तेव्हा गेल्या महिन्यात तीही एका नव्या इंजिनिअर मुलीला दिली. पहिल्याच आठवड्यात तिने मामाने हौसेने स्वतः लेथवर फिरवलेले बुश नापास केले. मामा तो मेल सगळ्यांना दाखवत फिरला. "माझ्याहून कडक हाय पोरगी," म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला आणि थोडं वाईटही वाटलं.

त्याच संध्याकाळी मला एक मेल आला, त्या जुन्या 'किंग'वाल्या पत्त्यावरून. 'आता माझ्याकडे कुठलाच विभाग राहिला नाही. रविवारी जेवायला ये.'

मी तो वाचतोय तोवर फोन वाजला. "मेल टाकलाय, पोचला का बघ."