चांदणी आणि रविवारची बॅच

पन्नाशीच्या तोंडावर घोडेस्वारी शिकायला गेलं की अंगावर निळे डाग जमतात आणि डोक्यात किस्से. डाग निदान आठवड्याभरात जातात. किस्से जात नाहीत. दवाखान्यात पेशंटच्या तोंडात ड्रिल चालू असताना एखादा आठवतो आणि मी मास्कच्या आत हसते. पेशंट बिचारा घाबरतो. त्याला वाटतं, मी त्याच्या दाढेला हसतेय!

तर, गिरणारे रोडला द्राक्षबागांच्या मधोमध एक रायडिंग क्लब आहे. आमची रविवारची बॅच तिघांची. मी दातांची डॉक्टर. दुसरे आहेर शेठ, बिल्डर, माझेच पेशंट. तिसरे निकम सर, कोचिंग क्लासवाले. शिकवायला तनुजा मॅडम. वय तिशीचं, मूळच्या सटाण्याच्या. एरवी अगदी शहरी बोलतात, पण चिडल्या की अहिराणी सुरू. आमच्या बॅचला त्या बहुतेक वेळ अहिराणीतच शिकवायच्या.

*

पहिल्या दिवशी आहेर शेठ आले ते थेट कॅटलॉगमधून उतरल्यासारखे. गुडघ्यापर्यंत बूट, पांढरी घट्ट पँट, हातमोजे, काखेत चाबूक. कुठल्याही घोड्याला हात लावायच्या आधी त्यांनी सेल्फी काढला.

मॅडमनी त्यांना एक फावडं दिलं आणि तबेल्यातली लीद दाखवली.

"मॅडम, मी रायडिंगची फी भरलीय," शेठ म्हणाले.

"हो ना. ही पहिली स्टेप. घोड्याला तुमची ओळख व्हायला पाहिजे. अनोळखी माणसाला तो पाठीवर घेत नाही."

"माझ्याकडे साइटवर चाळीस माणसं कामाला आहेत हो!"

"मग एकाला पाठवा," मॅडम म्हणाल्या. "घोडेस्वारी पण तोच शिकेल."

शेठनी लीद काढली. हातमोजे घालूनच. ते हातमोजे परत कधी दिसले नाहीत.

*

आता माझी लाज. क्लबच्या घोड्यावर सहा महिने बसल्यावर मला स्वतःची घोडी घ्यायची हुक्की आली. मॅडम म्हणाल्या, "घाई करू नका." मी केली. एक दलाल पांढरी घोडी घेऊन आला. नाव म्हणे चांदणी, वय सहा. घोड्याचं वय दातांवरून कळतं हे आहेर शेठनी कुठेतरी ऐकलेलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, मग आपल्याकडे तर एक्स्पर्टच आहे की!"

झालं. मी ऐटीत पुढे गेले. ओठ वर केले, जबडा बघितला, बोट फिरवलं. आयुष्यात हजारो तोंडं बघितली, पण एवढं मोठं आणि एवढं शांत पहिलंच. मी मान डोलावली. "हिरड्या छान आहेत. सहाच्या आतबाहेर असेल."

व्यवहार झाला. दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी तोंड उघडलं न उघडलं तोच मिटलं. "चौदा."

 मग आहेर शेठनी मोबाईल काढला. "डॉक्टर, माझं गुरुवारचं रूट कॅनल होतं ना? ते जरा राहू द्या."

*

निकम सरांचं सगळं शिक्षण व्हिडिओवर. घोड्यावर बसायच्या आधी ते घोड्याचं मानसशास्त्र सांगायचे. बसल्यावरही तेच. एकदा क्लबचा घोडा मैदानाच्या मधोमध थांबला आणि हलेना. टाच मारली, चुचकारलं, शून्य!

"त्याचं काय आहे," सर आम्हाला वरूनच सांगायला लागले, "घोडा हा मुळात भित्रा प्राणी आहे. आत्ता तो माझं निरीक्षण करतोय. माझी मानसिक तयारी जोखतोय. अशा वेळी स्वाराने संयम ठेवावा. दोघांमध्ये एक मूक संवाद…"

मॅडम घोड्याच्या तोंडाकडे गेल्या, वाकून बघितलं.

"सर, हा झोपलाय."

खरंच झोपला होता. मागचा एक पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबकळवत, गाढ! मॅडम म्हणाल्या, "तुमच्या क्लासमधली मुलं पण अशी उभ्याउभ्या झोपतात, का त्यांना बेंच असतात?"

*

चांदणीचं वय कळलं होतं, पूर्वायुष्य कळायचं होतं. ते कळलं एका लग्नसराईच्या रविवारी. आम्ही बागांमधून फेरी मारून परत येत होतो. वाटेत लग्नाचं एक लॉन्स. तिथे बँड सुरू झाला आणि माझ्या खाली काहीतरी बदललं. चांदणीने मान कमानीसारखी केली, कान टवकारले आणि ती वळली. मी लगाम ओढला. तिला काही फरक पडला नाही. ती शिस्तीत गेटमधून आत शिरली, बँडच्या मागे जाऊन उभी राहिली आणि पाय आपटत नाचायला लागली!

"आली एकदाची!" फेटेवाले एक मामा ओरडले. "अहो ताई, किती उशीर? नवरदेव केव्हाचा ताटकळलाय! उतरा, उतरा!"

"अहो, ही वरातीची घोडी नाहीये!"

मामांनी नाचणाऱ्या घोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हेल्मेटवरून एक नोट ओवाळून बँडवाल्याला दिली. नवरदेवाला उचलून आणतच होते, तेवढ्यात मॅडम धावत आल्या आणि तोंडाला धरून चांदणीला बाहेर काढलं. नवरदेव आमच्याकडे ज्या आशेने बघत होता, तसं माझ्याकडे माझ्या लग्नातही कोणी बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून आहेर शेठ मला बघितलं की ट्रम्पेटचा आवाज काढायचे.

*

शेठना तो हक्क होता, कारण त्यांनी घोडा आणला राजस्थानातून. मारवाडी, काळाभोर, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. नाव सुलतान. सुलतानला स्वतंत्र खोली, खोलीत कूलर. एकच गोष्ट राहून गेली होती. शेठ त्याच्यावर बसत नव्हते. "आधी ट्यूनिंग होऊ द्या," म्हणायचे. ट्यूनिंग वर्षभर चाललं. दुडकी चाल शिकायला शेठ क्लबचाच म्हातारा घोडा घ्यायचे आणि त्याच्याही आयाळीला दोन्ही हातांनी लटकायचे.

पण वाढदिवस आला. शेठना महापालिकेला उभं राहायचं होतं. फोटोग्राफर बोलावला. चौघांनी सुलतानला धरलं, दोघांनी शेठना चढवलं, फोटो निघाला, शेठ उतरले. सगळं एका मिनिटात. ही त्यांची सुलतानवरची एकूण स्वारी.

फ्लेक्स चौकात लागला. आता फ्लेक्सवाल्याला प्रश्न पडला असणार. वर साहेबांचे फोटो, मोठ्या साहेबांचे फोटो, शुभेच्छुकांची रांग. जागा कमी. त्याने मधला फोटो वरून कापला. सुलतान अख्खा आला, नाकपुड्यांपासून शेपटीपर्यंत. शेठ आले कमरेखालचे. आणि बरोबर सुलतानच्या तोंडाखाली लाल अक्षरांत: 'आपल्या प्रभागाचे भावी नगरसेवक'.

निकम सरांनी तिथे गाडी थांबवून आम्हाला फोटो पाठवला. मॅडमचं उत्तर लगेच आलं: "माझं मत नक्की. देखणा शे!"

*

ही पुढची गोष्ट मी फारशी सांगत नाही, पण आता निघालीच आहे.

मॅडमनी गुडघ्याएवढ्या उंचीवर एक बांबू आडवा लावला होता. मी चांदणीला दुडक्या चालीत आणलं. शेवटच्या क्षणी ती थांबली. मी थांबले नाही. बांबू मी एकटीने पार केला आणि खांद्यावर पडले. कटकन आवाज आला. गळ्याजवळचं हाड मोडलं.

आमच्या ह्यांनी हॉस्पिटलमध्येच जाहीर केलं, "ती घोडी विकायची." आहेर शेठ सफरचंदं घेऊन भेटायला आले. "डॉक्टर, आता तुम्ही योगा करा. मॅटवरून पडलं तर लागत नाही."

हाड जुळलं. मी परत गेले, खोगिरावर बसले आणि दोन्ही हातांनी आयाळ धरून ठेवली, सोडवेना. चांदणीने नुसता कान हलवला तरी मी डोळे मिटायचे. शेवटी मॅडम म्हणाल्या, "उतरा." मला वाटलं, संपलं. तर त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला. मग किती तरी रविवार मी नुसता चांदणीला खरारा केला आणि दोरी धरून तिच्या शेजारून चालले. ती चालायची, मी चालायचे. कुंपणापलीकडून बागेतले मजूर बघायचे. घोडी घेऊन पायी फिरणारी बाई!

एका रविवारी मॅडमनी बांबू जमिनीवर ठेवला. "बसा. नुसतं चालत ओलांडायचं." मी बसले. मॅडम दुसरीकडेच बघत उभ्या राहिल्या. चांदणीने बांबू हुंगला, पाय उचलला, गेली पलीकडे.

आहेर शेठ खुर्चीवरून टाळ्या वाजवायला लागले. "वा! आता थेट ऑलिम्पिक!"

मॅडम गर्रकन वळल्या आणि बोलता बोलता अहिराणीवर गेल्या. "शेठ, डॉक्टर निदान घोडीवर बसल्यात. तुम्ही खुर्चीवर शेत!"

मी घरी जाऊन रडले. ह्यांना वाटलं, परत पडले.

*

आणि हा किस्सा गेल्या श्रावणातला.

बॅचची मोठी सहल ठरली. त्र्यंबकेश्वरच्या बाजूला, पण गर्दीचा रस्ता टाळून मधल्या वाटांनी. मॅडम पुढे, मग मी चांदणीवर, मग आहेर शेठ म्हाताऱ्या घोड्यावर, शेवटी निकम सर. सुलतान कूलरमध्ये. डोंगराच्या पायथ्याला धुकं उतरलं, इतकं की समोरचा घोडा दिसेना. भातखाचरांमधून वाट फुटत गेली आणि आम्ही चुकलो.

शेठनी मोबाईलवर नकाशा काढला. "इथे डावीकडे रस्ता दाखवतोय."

"शेठ, डावीकडे धरण आहे," मॅडम म्हणाल्या.  "सगळे लगाम सैल सोडा. जनावराला घर बरोबर कळतं. जे पुढे होईल त्याच्या मागे जायचं."

"शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे," मागून निकम सर.

आम्ही लगाम सोडले. म्हातारा घोडा गवत खायला लागला. सरांच्या घोड्याने डोळे मिटायला घेतले. चांदणीने मात्र मान वर केली, हवा हुंगली आणि निघाली. माझ्या अंगावर अभिमानाने काटा आला! बांध, ओढा, चिखल, कुठेही न अडखळता ती चालली. मागून तीन घोडे.

"मानलं हो डॉक्टर," आहेर शेठ पहिल्यांदाच ट्रम्पेट न वाजवता म्हणाले. "चौदाची असो, काही असो. तुमच्या घोडीने इमान राखलं."

मी चांदणीच्या मानेवर थोपटलं. तिने चाल वाढवली. मग आपणहून दुडकी धरली. धुक्यात एक कुंपण दिसलं, पत्र्याचं छप्पर, अंगणात तुळस. क्लब नव्हता. चांदणी कुंपणातून सरळ आत शिरली, अंगणात उभी राहिली आणि अशी खिंकाळली की मी रिकिबीतून निसटता निसटता वाचले.

आतून एक बाई नाचणीच्या पिठाचे हात घेऊन धावत आली. माझ्याच वयाची. दारातच थबकली.

"शेवंते!"

चांदणीने खाडकन मान खाली घातली आणि कपाळ त्या बाईच्या पोटाला टेकवलं. बाईने पिठाच्या हातांनीच तिचं तोंड कवटाळलं. "कुठं व्हतीस गं माझे बाय? लय वाळलीस. खाया घालत न्हाईत का गं तुला?"

मी वर बसलेले. बूट, हेल्मेट, चाबूक.   चांदणी डोळे मिटून उभी होती, तिच्या पांढऱ्या तोंडावर नाचणीच्या पिठाचे हात उमटले होते.

बऱ्याच वेळाने त्या बाईचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने मला बुटांपासून हेल्मेटपर्यंत नीट बघितलं. मग मान वळवून तिने घोडीलाच विचारलं,

"आन् ही कोण गं? कुणाला घेऊन आलीस संगती?"