माझ्या केसांची इस्त्रीवाली

निखारे भरलेली इस्त्री उचलून ती आधी स्वतःच्या गालाजवळ न्यायची. डोळे मिटायची. आच मनासारखी लागली की मान हलवायची आणि म्हणायची, "हौ. आता करू सपाट."

'सपाट' हा तिचा लाडका शब्द. वकिलाची शेरवानी सपाट व्हायची, तशीच गल्लीतली भांडणंही सपाट व्हायची. कुणाचं पोट दुखलं तर, "ओवा चाव, सपाट होतंय." नवऱ्याशी तंटा करून माहेरी आलेल्या बाईला, "जा गं, दोन दिवसांत सपाट होतंय." असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याला दुनियेतल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध माहीत असतं. आमच्या चाचीचं औषध तिच्या हातातच असायचं, आणि ते गरम असायचं.

हिंगोलीत आमचं घर आणि तिचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती. दुकान म्हणजे एक खोली, त्यात एक लांब टेबल, टेबलावर घोंगडी आणि ती जड पितळी इस्त्री. तिच्या सासऱ्यानं जुन्या छावणीतल्या साहेबांचे कपडे कडक केले होते, हे ती नव्या गिऱ्हाईकाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. नवरा कयाधू नदीवर कपडे धुवायचा, ही इस्त्री करायची. निजामाचं राज्य होतं. कचेरीत जाणाऱ्याला कडक कपडे लागत, त्यामुळे दोघांचं बरं चालायचं. मुसलमानाचं घर, म्हणून गल्ली तिला चाची म्हणायची. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही आणि विचारायचं सुचलंही नाही.

आता माझ्या केसांविषयी सांगायलाच हवं. कुरळे म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कपाळावर रुळणाऱ्या नाजूक बटा येतील. तसं काही समजू नका. माझे केस राठ, दाट आणि हट्टी होते. ते खाली वाढायचे नाहीत, चहूबाजूंनी वाढायचे. वेणी घातली तर तासाभरात सुटायची आणि मी चुलीपुढून उठून आल्यासारखी दिसायची. मायनं एरंडेल लावून पाहिलं, ओलं फडकं बांधून पाहिलं. फडकं सोडलं की केस पुन्हा आपल्या जागी उभे.

मी लग्नाची झाले आणि हे केस घरादाराचं दुखणं झाले. पाहायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांनी घरी गेल्यावर निरोप धाडला, की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. दुसऱ्या पाहुण्यांतली म्हातारी तेवढी सरळ होती. मायच्या तोंडावरच म्हणाली, "पोरगी चांगली हाय हो, पर डोक्यावर कडबा काहून ठिवलाय?" दादांचं बाजारात धान्याचं दुकान होतं. ते चार दिवस दुकानातून जेवायला घरी आले नाहीत. माझ्या पाठीवर आणखी दोन बहिणी होत्या आणि मला उजवल्याशिवाय त्यांचं पुढे सरकणार नव्हतं. मी अंगणात बसून रडत होते. स्वतःच्या केसांवर इतकं रडलेली बाई हिंगोलीत दुसरी झाली नसेल.

भिंतीवरून चाचीचं डोकं वर आलं.

"काहून रडून राहिली गं?"

मी डोकं दाखवलं. तिनं माझे केस दोन बोटांत धरले, चोळून पाहिले, जसा ती कपड्याचा पोत पाहायची.

"सूत चांगलं हाय," ती म्हणाली. "चुरगळलंय. पाहुणे येतील त्या दिवशी सकाळीच ये. करू सपाट."

औंढ्याच्या बाजूच्या एका गावाहून तिसरे पाहुणे यायचे होते. त्या सकाळी माय मला घेऊन तिच्या दुकानात गेली. चाचीनं टेबलावर माझं डोकं आडवं ठेवलं, केस घोंगडीवर पसरले, वर जुन्या धोतराचं पातळ फडकं अंथरलं. इस्त्री गालाजवळ नेली, मान हलवली. मग सवयीनं तोंडात पाणी घेतलं आणि फुर्रकन माझ्या डोक्यावर फवारलं.

माझी माय सोवळ्याओवळ्याची. दुसऱ्याच्या घरचं पाणीही न पिणारी. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते आणि ती पुटपुटत होती, "मी कायबी बघितलं न्हाई. मी कायबी बघितलं न्हाई."

इस्त्री फिरली. केसांमधून वाफ निघाली, भाजल्याचा वास सुटला आणि माझे केस आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खांद्यावर पडले. मी त्यांना हात लावत बसले. मला वाटलं, झालं. पण चाचीला घाई नव्हती. तिच्या हिशेबात इस्त्री झाली म्हणजे काम निम्मं झालं. वकिलाचा फेटा ती तसा कधी सोडायची का? तिनं बाजूचं पातेलं ओढलं आणि माझ्या केसांना फेट्याची खळ लावली. तांदळाची घट्ट खळ. वरून पुन्हा इस्त्री.

"आता चार दिवस हलत न्हाई," ती म्हणाली.

खरंच हलत नव्हते. मी मान वळवली की केस मागून येत आणि त्यांचा कुरकुर आवाज होई. पाहुण्यांपुढे वाकून नमस्कार केला तर वेणी पाठीवरून घसरली नाही, काठीसारखी उचलली गेली. मुलाची आत्या पुढे आली. तेव्हा केस सोडून दाखवायची पद्धत होती, गंगावनाचे खोटे केस तर नाहीत ना, हे पाहायला. आत्यानं वेणी सोडली, केसांतून हात फिरवला. पांढरे बारीक पापुद्रे माझ्या गडद हिरव्या पोलक्यावर पडले. मी श्वास धरून बसले. भिंतीपलीकडे चाचीही श्वास धरून बसली असणार, कारण इस्त्रीचा आवाज बंद होता.

"कोंडा हाय जरासा," आत्या म्हणाली, "पर केस कसे सरळसोट हायेत!"

पसंती आली. दादा त्या दिवशी पोटभर जेवले. मी मात्र आरशापुढून हलेना. रात्री उशीला मुंग्या लागल्या, तरी मी डोकं धुतलं नाही.

मुंग्या चढलेलं डोकं घेऊन मी चार दिवस मिरवले, पुढे महिनाभर स्वप्नं पाहत राहिले आणि आमच्यापैकी एकालाही साधी गोष्ट सुचली नाही. ती दारात मांडव घातल्यावर मायला सुचली. ती धावतच भिंतीशी गेली.

"चाची, उष्टी हळद!"

नवरदेवाला लावून उरलेली हळद त्यांच्याकडच्या बायका घेऊन येतात, नवरीला लावतात आणि स्वतः तिच्या डोक्यावरून पाणी ओततात. म्हणजे ज्यांच्यापासून केस लपवले त्यांच्याच हातानं ते भिजणार होते. लग्न हळदीतच मोडणार, हे मायच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मोडलं असतं तर आमच्या घरच्या तिन्ही पोरींना पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

"सर्दी झाली म्हणावं का?" माय म्हणाली.

चाचीनं पहिल्यांदाच 'सपाट' हा शब्द काढला नाही.

हळदीच्या दिवशी पहाटेच चाचीनं माझ्या केसांवर पुन्हा इस्त्री फिरवली होती आणि आता ती अंगणाच्या कडेला, मांडवाच्या बाहेर उकिडवी बसली होती. तिला मांडवात कुणी बोलावलं नव्हतं आणि तीही आली नसती. आत्यानं हौसेनं मला हळद फासली, तांब्या उचलला आणि डोक्यावर ओतला. दुसरा ओतला. मी डोळे मिटले. मला ते जाणवत होतं. आधी कानाजवळचे उठले, मग मानेवरचे, मग एकदम सगळे. तव्यावरची भाकरी फुगावी तसं माझं डोकं सगळ्यांच्या देखत फुगलं.

गाणी थांबली.

"हे त्या दिवशीचे केस न्हाईत," आत्या म्हणाली. "पोरगी बदलली का काय?"

माय भिंतीला टेकली. ओसरीवरून दादांचा आवाज आला, "काय झालं?" हळदीनं पिवळी झालेली, डोक्यावर भिजका कडबा घेतलेली मी पाटावर बसले होते, आणि खरं सांगते, त्या क्षणीही मला भीतीपेक्षा जास्त हेच वाटत होतं, की मी कशी दिसत असेन!

चाची उठली. पदर डोक्यावर घेतला आणि मांडवाच्या खांबापर्यंत आली. आत पाऊल टाकलं नाही.

"बाई, पोरगी तीच हाय. म्या केस इस्त्री केलते. ह्यांचा कोणाचा कसूर न्हाई. काय बोलायचं ते मला बोला."

"तू कोण?"

"बाजूची. कपडे इस्त्री करते." तिनं माझ्या डोक्याकडे बोट केलं. "बाई, धुतल्यावर धोतर चुरगळतंच. चुरगळलं म्हणून कोणी फेकून देतं व्हय? सूत बघा ना. सूत एक नंबर हाय."

मला धोतराची उपमा फार लागली. नवरी मुलीला काही तरी रेशमी म्हणता आलं असतं. पण अंगणात कुणी हसलं नाही. आत्या माझ्या डोक्यावर वाकली. मग तिनं एक बट ओढली, सोडली. ती टुणकन मागं गेली. तिनं पुन्हा ओढली.

"खळ लावलती का गं?" तिनं चाचीला विचारलं.

"हौ. जरासी."

"जरासी? अगं, घरी जाईस्तोवर माझ्या हाताला चिकटा होता!" आणि आत्या हसायला लागली. ती हसली म्हणून बाकीच्याही हसल्या. माय तेवढी रडायला लागली. आत्यानं डोळे पुसले आणि फर्मान सोडलं, "वरातीला मातुर त्या दिवशीसारखे सरळ पायजेत. गावाकडं लोक बघत्यात. आण तुझी इस्त्री. म्या बघते कशी करती ती."

मग मांडवाच्या खांबाशी टेबल आलं. दोन्हीकडच्या बायका गोल करून उभ्या राहिल्या आणि माझं डोकं भर अंगणात घोंगडीवर आडवं झालं. आत्यानं स्वतः फडकं धरलं. चाचीनं त्या दिवशी मला कानाला चटका दिला. एरवी तिच्या हातून तसं कधी झालं नाही. मी ओरडले तेव्हा तिनं मान खाली घालून हळूच सांगितलं, "हात थरथरून राहिला बेटा. लई भेले होते मी." तोपर्यंत मला वाटत होतं, भ्यायची ती मी एकटीच.

यजमानांना मी पुढे विचारलं, की केस पाहून तुम्हाला काय वाटलं. ते म्हणाले, "मला तुझा चेहरासुद्धा कुणी धड पाहू दिला नव्हता, केस कुठले?" म्हणजे एवढा खटाटोप ज्याच्यासाठी चालला होता असं मी समजत होते, त्याला त्याची खबरच नव्हती. तरीही माझं वेड गेलं नाही. सणाला, लग्नाला, मुंजीला, मी आधी हिंगोलीला धावायची. मायला भेटायला जाते म्हणायची आणि घरात शिरण्याआधी भिंतीवरून हाक मारायची. खळ तेवढी आम्ही बंद केली. चाची म्हातारी होत चालली होती. माझं डोकं टेबलावर ठेवलं की ती गावभरच्या गोष्टी सांगायची. कुणाचा दम्याचा त्रास, कुणाच्या सुनेची तकलीफ, सगळं ती इस्त्रीच्या एका फेऱ्यात सपाट करायची.

निजामाचं राज्य गेलं त्या साली दिवाळीनंतर धाकट्या दिराचं लग्न निघालं. त्याआधी दोन महिने काय काय झालं होतं, हे आम्ही खेड्यात ऐकून होतो. आधी निजामाच्या बाजूनं आमच्या लोकांवर झालं, मग आमच्या बाजूनं मुसलमानांवर. सगळं ऐकूनही मी हिंगोलीला गेले ती केस घेऊनच. गाडीतून उतरले आणि सवयीनं भिंतीवरून हाक मारली.

पलीकडे टेबल नव्हतं. दार उघडंच होतं आणि आत कुणीतरी सरपण रचून ठेवलं होतं.

"गेली," माय म्हणाली. "त्या अंगाचे सगळेच गेले. गाडी जुंपली आन् गेले."

"कुठं?"

"कोण सांगतंय?"

"तुला भेटून गेली का?"

मायनं तांदळाचं सूप पुढे ओढलं. मग म्हणाली, "हाक मारली व्हती तिनं. मी दार लावून बसले व्हते. भ्या वाटत व्हतं गं."

मी तिच्या जागी असते तर दार उघडलं असतं, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मला एवढंच आठवत राहिलं, की ही बाई आमच्यासाठी सगळ्यांपुढे मांडवाच्या खांबाशी उभी राहिली होती. आणि आम्हाला दारात उभं राहता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. मी तांब्यात निखारे भरले, फडक्यानं धरला आणि आरशापुढे बसून आपले आपण केस सारखे करायला घेतले. पुढचे झाले. बाजूचे कसेबसे झाले. मागे हात पोचेना आणि आरशात काही दिसेना.

"आण, मी करते," माय म्हणाली.

ती माझ्या मागे बसली. तांब्या हातात घेतला, मानेशी आणला आणि तशीच थांबली. मला धग लागत होती. मग तिनं तांब्या खाली ठेवला, माझ्या त्या राठ केसांत तोंड खुपसलं आणि ती हुंदके द्यायला लागली. मी पुढे आरशात पाहत बसून राहिले.

दिराच्या लग्नाला मी तशीच उभी राहिले, पुढून सपाट आणि मागून जशी होते तशी.