वळकटीत गेलेला दाखला

त्या दिवशी आमच्या घरात कोण कोण व्हतं ते आधी सांगते. मी व्हती. माझा नवरा व्हता, वडप्याच्या गोडाऊनवरची वॉचमनची ड्युटी करून नुकताच आलेला, अंगात खाकी शर्ट तसाच. माझी पोरगी व्हती, बारावी पास झालेली. माझा धाकटा दीर आन त्याची बायको, म्हंजे माझी जाऊ, ती दोघं राहनाळवरून आली व्हती, पोरीसाठी पेढे घेऊन. एवढी पाच माणसं. आन भिंतीला लागून माझ्या सासऱ्याची पत्र्याची पेटी व्हती. तिलापण मी मोजते, कारण मी तिच्यावर बसली व्हती.

मी दुसरी शिकलेली बाई. चुकलं तर समजून घ्या. पण जे सांगते ते खरं हाय.

आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडं कापडाचे माग चालायचे. दिवसभर भिंत थरथरायची, तांब्यातलं पाणी हलायचं. मी घरातच मशीनवर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. लाईट गेली की भिवंडीतली माणसं शिव्या घालतात, कारण माग बंद पडतात. माझी पोरगी लाईट जायची वाट बघायची. माग थांबले की ती पुस्तक उघडायची. माझं मशीनपण तवा बंद, मंग मी पुस्तक हातात धरून बसायची आन ती मला पाठ म्हणून दाखवायची. पुस्तक इंग्रजी, मला काय कळणार. एकदा बोलली, "आई, उलटं धरलंस."

मी बोलली, "तू सरळ बोल, पुस्तक कसं का असंना."

ती हसत सुटली. तिला बी फार्मसीला जायचं व्हतं. हे खूळ तिला सासरे आजारी पडले तवापासूनचं. सासरे तीन महिने खाटेवर व्हते, ती तवा आठवीत व्हती. त्यांच्या गोळ्या तीच द्यायची. एक दिवस दोन पाकिटं घेऊन मेडिकलवाल्याकडं गेली आन त्याला बोलली, नावं वेगळी हायत, पण आतलं औषध एकच हाय, मंग दोन्ही कशाला द्यायची? मेडिकलवाला तिच्याकडं बघतच राहिला. बोलला, बाळा, तू फार्मसी कर. तिनं ते मनावर घेतलं.

सासऱ्यांनापण ते कळलं. खाटेवरून मला बोलले, "सुनबाई, हिला शिकवा. माझा शाळेचा दाखला पेटीत हाय, तो जपा. सरकारला कवा ना कवा लागतोच."

हे मी माझ्या कानानं ऐकलं. नुसतं हं केलं. माझ्या हातात त्यांचं लघवीचं भांडं व्हतं, ते टाकायला चालली व्हती.

आता त्या दिवसाचं. पोरीनं बारावी केली, सीईटीची परीक्षा दिली, मार्क चांगले पडले. पेढे खाऊन झाल्यावर तिनं प्रवेशाला लागणाऱ्या कागदांची यादी वाचली. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, हे सगळं व्हतं. जातीचा दाखलापण व्हता. पण त्याची पडताळणी करायची, आन पडताळणीला पोरीच्या आजोबांचा जुना शाळेचा दाखला लागतो, ज्यात जात लिवलेली हाय. माझा नवरा शाळेत गेलाच न्हाय. दिराचा दाखला व्हता, पण तो खूप नंतरचा, तो ऑफिसात चालत न्हाय असं तिला सांगितलेलं. जुना कागद जोडून अर्ज केला, की त्याची पोच मिळणार. ती पोच दाखवली तरच आमच्या कोट्यातली जागा, न्हायतर गेली. दिवस थोडे राहिले व्हते.

दीर मस्करी करत बोलला, "फार्मसी म्हंजे गोळ्याच ना? मंग आजोबाची जात कशाला? ताप काय जात इचारून चढतो काय?"

नवरा बोलला, "तू गप रे. बापाचा दाखला व्हता. पेटीत व्हता. मी बघितलाय, पिवळा कागद." आन मंग माझ्याकडं वळला. "उठ जरा. पेटी उघड."

मी उठली. पेटी उघडली. आत तांदूळ व्हते, वर कडुलिंबाचा पाला.

"यातले कागद कुठं गेले?"

माझ्या तोंडातून जे निघालं ते मी इचार करून बोलली न्हाय, पण न कळतपण बोलली न्हाय. मी बोलली, "बाबांच्या दहाव्याला सगळं हिच्याकडंच दिलं ना बांधून." आन जावेकडं बोट केलं.

आमच्यात धाकटी सून मोठ्या दिरासमोर बोलत न्हाय. डोक्यावरून पदर घेते, बाजूला उभी राहते. तोपण तिच्याशी सरळ बोलत न्हाय, काय सांगायचं ते भावाला सांगतो. जाऊ दाराच्या कोपऱ्यात उभी व्हती, पदर कपाळापर्यंत. नवरा तिच्याकडं न बघता भावाला बोलला, "इचार तिला, कुठं ठेवले."

दिरानं इचारलं. ती अगदी हळू बोलली, माग चालू व्हते, ऐकूपण आलं न्हाय. दीर बोलला, "न्हाय बोलते. नुसते कपडे दिलेले म्हणते."

नवरा बोलला, "मंग तुझ्या वैनीला काय स्वप्न पडलं? जमिनीच्या वाटणीला लागतील म्हणून ठेवले असतील कागद तुम्ही. आता पोरीच्या आयुष्याचा सवाल हाय, तर लपवून काय करता?"

दीर तापला. "दादा, आम्ही पेढे घेऊन आलोय, चोरी करून न्हाय."

दुसरी बाई असती आन दुसऱ्याचं घर असतं, तर तिनं माझ्या तोंडावर येऊन इचारलं असतं, खोटं कशाला बोलतेस म्हणून. मला माहीत व्हतं ती बोलणार न्हाय. तिला तोंड उघडायची सोय नव्हती आन मला ते ठाव व्हतं, म्हणूनच मी तिचं नाव घेतलं. ही गोष्ट मी कितीतरी वर्ष स्वतःला वेगळी करून सांगितली. घाबरली म्हणून बोलली, असं. तसं न्हाय ते.

ती दोघं पाणी न पिता निघून गेली. पोरगी रडली न्हाय. यादीचा कागद घडी करून पुस्तकात ठेवला आन बोलली, "काकीनं असं का केलं गं?" मी कांडी लावायला घेतली.

खरं काय झालं ते आता लिवते. सासरे गेले त्याच्या दहाव्याला त्यांची वळकटी खाडीत सोडायची व्हती. गोधडी, उशी, धोतरं, तसली सगळी. घरात उंदीर फार झाले व्हते, तांदळाच्या गोणी कुरतडायचे. मला ती पत्र्याची पेटी पाहिजे व्हती. झाकण घट्ट, उंदराचं काय चालणार न्हाय. मी पेटी उघडली आन आतलं सगळं गोधडीवर ओतलं. चष्म्याचं घर, जुनी पाकिटं, कागद. पिवळा कागद वर आला. त्याच्यावर सासऱ्यांचं नाव व्हतं. दुसरीपर्यंतची अक्षरं मला येतात, नाव मी वाचलं. कुठला कागद हाय ते मला कळलं.

तीन महिने त्या माणसाचं सगळं मी काढलं व्हतं. त्या दिवशी मला वाटलं, याचं काय म्हणून घरात राहायला नको. आन पेटी रिकामी पाहिजे. कागद बाजूला काढायला एक घटका लागली नसती. मी गोधडी गुंडाळली आन सुंभानं आवळली. बांधताना दुसरं टोक जावेनं धरलं व्हतं. माझ्या नवऱ्यानंच ती खांद्यावर घेतली आन खाडीत सोडली. बापाचा दाखला त्यानं स्वतःच्या हातानं पाण्यात दिला आन त्याला ते कवाच कळलं न्हाय.

पुढं नवरा आन पोरगी इकडं तिकडं फिरली. बाप कुठल्या शाळेत शिकला तेच नवऱ्याला ठाव नव्हतं. लहानपणी बाप त्याच्या मामाकडं ऱ्हायचा, एवढंच माहीत. मामाचं गाव कुठलं, शाळा कुठली, काय पत्ता न्हाय. पोरीनं जेवण टाकलं. लाईट गेली तरी पुस्तक उघडायची न्हाय. शांत खोलीत आम्ही दोघी बसायचो, आन मला वाटायचं, लवकर माग सुरू व्हावेत.

मी तवापण सांगू शकत व्हती. सांगून दाखला परत येणार नव्हता, असं मी मनाला बोलायची.

एक दिवस दुपारी जाऊ एकटीच आली. नवरा ड्युटीवर व्हता. तिनं पदराची गाठ सोडून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून एक कागद काढला आन पोरीच्या हातात दिला. शाळेच्या जुन्या रजिस्टरातला उतारा, शिक्का मारलेला. सासऱ्यांचं नाव, जन्मतारीख, जात.

पोरगी बोलली, "काकी, कुठं मिळाला?"

"वज्रेश्वरीच्या अलीकडच्या शाळेत. तुझे आजोबा सांगायचे ना, शाळेला जाताना गरम कुंडात पाय बुडवायचो, मास्तर ओल्या पायांवर छडी मारायचे."

ते आम्हाला कुणाला सांगायचे न्हायत. म्हंजे सांगत असतील, मी ऐकलं नसेल. जाऊ त्यांना बघायला यायची तवा दुपारी खाटेजवळ बसायची, तिनं ऐकलं. एसटीनं ती तीन वेळा गेली व्हती. पहिल्या वेळी हेडमास्तर नव्हते, दुसऱ्या वेळी माळ्यावरचं रजिस्टर काढायला कुणी नव्हतं. तिसऱ्या वेळी ती स्वतः माळ्यावर चढली. तिला वाचता येत न्हाय. तिनं सगळी रजिस्टरं खाली काढून दिली आन मास्तर बघत राहिले.

पोरगी झेरॉक्स काढायला पळाली. आम्ही दोघीच राहिलो. जावेनं पदर मागं सारला.

"जाऊबाय," ती बोलली, "त्या दिवशी वळकटीत कागद वाजत व्हते. मी टोक धरलं व्हतं, मी ऐकलं."

मी तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"मी कुणाला सांगायची न्हाय. तुमचं तुम्ही सांगा. माझ्या नवऱ्याला जेवण जात न्हाय, दादा चोर बोलले म्हणून."

"चहा टाकते," मी बोलली.

"नको," ती बोलली, आन गेली.

अर्ज झाला, पोच मिळाली, पोरीला जागा मिळाली. यादीत नाव लागलं त्या दिवशी नवऱ्यानं मला इचारलं, उतारा आला कसा. मी सांगितलं, जावेनं आणला. तो बोलला, "बघ. दाखला हरवला हिनं, आन आता अंगाशी आलं तसं दुसरा काढून आणला. मन खात असेल." मी भाजी चिरत व्हती. तवा सांगायचं व्हतं. पोरीची जागा पक्की झाली व्हती, घाबरायचं काय कारणच नव्हतं. तरी मी भाजी चिरत राहिली.

पहिलं खोटं घाबरून झालं असं एखादा म्हणेल. हे दुसरं कशानं झालं?

जागा मिळाल्याचे पेढे गल्लीत सगळ्यांना दिले. सूत घेऊन येणारा यूपीचा माणूस बोलला, "मौसी, अब तो दवाई फ्री?" त्यालापण दिले. राहनाळला न्हाय पाठवले. पुढं पोरीच्या लग्नाला दिराला पत्रिका गेली, पण माणूस बोलवायला गेला न्हाय. आमच्यात नुसत्या पत्रिकेवर सख्खं माणूस येत न्हाय. ती आली न्हायत. पोरगी आता एका हॉस्पिटलच्या औषधांच्या खात्यात हाय. काकीचं नाव निघालं की तिचा चेहरा बदलतो. तिला वाटतं काकीनं आधी तिचं वाईट केलं आन मंग निस्तरलं. माझ्या गोळ्या ती डब्यात खणाखणात लावून देते, सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी त्या घेते.

नवरा गेला, त्याला सांगायचं राहिलं. त्याचं अंथरूण खाडीत सोडताना मी सगळी गोधडी उलगडून झटकून बघितली. लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

जाऊ अजून हाय. कानानं कमी ऐकते म्हणतात. तिनं कुणाला सांगितलं न्हाय, सांगितलं असतं तर माझ्यापर्यंत आलं असतं. मी दोनदा राहनाळच्या रिक्षात बसली. एकदा नाक्यावर उतरून परत आली. दुसऱ्यांदा दारापर्यंत गेली. ती अंगणात तांदूळ पाखडत व्हती, पाठमोरी. मी बघून परत फिरली. तोंडानं जमत न्हाय, म्हणून लिवलं. लिवायला पाच महिने लागले.

हे कागद मी त्याच पेटीत ठेवते, तांदळाच्या वर. जो कुणी पेटी उघडून हे वाचेल, त्याला एवढंच सांगणं हाय. हे माझ्या वळकटीत टाकू नका. माझ्या मरणाची वाटपण बघू नका, आज सापडले तर आजच माझ्या पोरीला नेऊन द्या. आन तिला सांगा, आधी राहनाळला जा, पेढे घेऊन जा, काकीच्या कानाजवळ बसून हे मोठ्यानं वाच.